तेरा जणींची यादी

२३ जानेवारी २०२२, रविवार. महिलांच्या आशियाई चषकातला भारत विरुद्ध चायनीज तैपेई हा सामना संध्याकाळी साडेसातला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सुरू व्हायचा होता. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्याआधी दोन्ही संघांना एक कागद सामनाधिकाऱ्यांच्या हाती द्यावा लागतो. त्यावर सुरुवातीच्या अकरा जणींची नावं असतात, पाठीवरचे क्रमांक असतात, कर्णधाराच्या नावापुढे खूण असते आणि खाली राखीव खेळाडूंची नावं. करोनाच्या त्या दिवसांत आशियाई फुटबॉल महासंघाने या यादीसाठी किमान आकडा ठरवून दिला होता, तेरा. तेवीस जणींच्या भारतीय चमूतल्या बाधित आणि जखमी मुली वगळल्यावर त्या संध्याकाळी तेरा नावं भरेनात. सामना झालाच नाही. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. तीन दिवसांपूर्वी इराणशी झालेली ०-० बरोबरीही रद्दबातल ठरली, म्हणजे त्या नव्वद मिनिटांत भारतीय मुली जे धावल्या ते गुणतक्त्याच्या हिशेबी झालंच नाही. यजमान देश आपल्याच स्पर्धेतून दुसऱ्या सामन्याआधी बाहेर पडला आणि स्पर्धा नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी इथे ६ फेब्रुवारीपर्यंत चालू राहिली.

या अंकाचा विषय ‘यजमान’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा ही संध्याकाळ आठवणं साहजिक होतं. २०२२ या एकाच वर्षात भारताने महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवल्या. जानेवारीत आशियाई चषक झाला, ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक. दोन्हींचे अंतिम सामने नेरूळच्या याच मैदानावर झाले. दोन्हींमध्ये मिळून भारताच्या खात्यावर एकही विजय नाही. तीन वर्षांनी, २०२५च्या जुलैत, भारताच्या मुलींनी परक्या देशात, परक्या प्रेक्षकांसमोर पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरीतून ही जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न समोर येतो. राष्ट्रीय संघ नेमका कशातून तयार होतो? या लेखाचं म्हणणं असं की तो मोठ्या स्पर्धेतून तयार होत नाही आणि लांबलचक शिबिरातूनही होत नाही. तो दर आठवड्याच्या, फारशा कुणी न पाहिलेल्या साखळी सामन्यांतून तयार होतो. स्पर्धा फक्त तो आहे की नाही हे दाखवते.

यजमानाची जागा

स्पर्धा भरवणाऱ्या देशाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. ही जागा आयती मिळते आणि तिचा एक तोटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पात्रता फेरी म्हणजे हरलं तर बाहेर, अशा धास्तीत खेळलेले खरे सामने. २०२१च्या सप्टेंबरमध्ये इराणच्या मुली ताश्कंदमध्ये जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउटपर्यंत झुंजल्या आणि पहिल्यांदाच आशियाई चषकाला पात्र ठरल्या. याच इराणच्या संघाला २०११ साली ऑलिंपिकच्या पात्रता सामन्याआधी डोक्यावरच्या वस्त्रामुळे मैदानावर उतरू दिलं नव्हतं. ती बंदी फिफाने २०१४ साली कायमची उठवली. अशा वाटेने आलेला संघ २० जानेवारीच्या रात्री भारतासमोर उभा होता. भारताने चेंडू जास्त वेळ आपल्याकडे ठेवला, संधी जास्त निर्माण केल्या, पण गोल काही झाला नाही. गोलरक्षक झोहरे कूदेई आणि तिच्यापुढची बचावफळी शेवटच्या शिट्टीपर्यंत डगमगली नाही.

भारताची तयारी कमी पडली असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. स्वीडिश प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांच्या हाताखाली संघ कित्येक महिने एकत्र होता. भारतीय महासंघाने खर्चात हात आखडता घेतला नाही. संघ परदेश दौऱ्यांवर गेला. नोव्हेंबर २०२१मध्ये ब्राझीलच्या मानौस शहरात ब्राझीलशी सामना झाला तेव्हा मनीषा कल्याणने सुरुवातीलाच बरोबरीचा गोल केला. भारत १-६ असा हरला, तरी ब्राझीलविरुद्ध गोल करणारी भारतीय मुलगी म्हणून मनीषाचं नाव देशभर झालं. होतं ते सगळं होतं, फक्त एक गोष्ट नव्हती. फेब्रुवारी २०२०मध्ये इंडियन विमेन्स लीगचा मोसम बंगळुरूत संपला. पुढचा मोसम करोनामुळे झाला नाही आणि त्यापुढचा सुरू झाला थेट एप्रिल २०२२मध्ये. म्हणजे आशियाई चषकात उतरताना भारतीय मुलींनी जवळजवळ दोन वर्षं राष्ट्रीय साखळीचा एकही सामना खेळला नव्हता. त्या शिबिरात होत्या, दौऱ्यावर होत्या, पण जिंकलं तर पुढे आणि हरलं तर मागे, असा दर आठवड्याचा हिशेब त्यांच्या अंगवळणी राहिला नव्हता.

याच स्पर्धेचा अंतिम सामना उलट बाजूने तेच सांगतो. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० ने पुढे होता. उत्तरार्धात चीनच्या तांग ज्यालीने पेनल्टीवर पहिला गोल केला, चार मिनिटांत झांग लिनयानने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत शियाओ युयीने विजयी गोल मारला. चीनचं हे नववं विजेतेपद. प्रशिक्षिका श्वे छिंगश्या यांनी सूत्रं हाती घेऊन जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. दोन महिन्यांत कुणी संघ घडवू शकत नाही. त्या मुली वर्षानुवर्षं आपापल्या क्लबांकडून साखळी खेळून आलेल्या होत्या. दोन गोलांनी मागे असताना काय करायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही, कारण असे उत्तरार्ध त्यांनी क्लबच्या जर्सीत कितीतरी वेळा काढले होते.

बाद आणि साखळी

महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात फुटबॉल खेळणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचा मोसम म्हणजे शालेय स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चढत जाते आणि जवळजवळ सगळीकडे बाद पद्धत असते. जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत संघ हरला की मुलीचं वर्ष तिथे संपलं. पुढची लढत बारा महिन्यांनी, मध्ये परीक्षा, आणि दहावीनंतर बहुतेक वेळा कायमचा पूर्णविराम. बाद पद्धत भरवायला सोपी असते. दोन-तीन दिवसांत उरकते, मैदान अडून राहत नाही, पंचांचं मानधन कमी लागतं, शिक्षकांना जास्त रजा द्यावी लागत नाही. पण तिचा स्वभावच असा की जो संघ आधीच चांगला आहे त्याला ती जास्त सामने देते आणि ज्याला शिकायची गरज आहे त्याला लवकर घरी पाठवते. साखळीत उलटं होतं. शनिवारी पाच गोल खाल्लेल्या गोलरक्षकाला पुढच्या शनिवारी परत त्याच खांबांमध्ये उभं राहायचं असतं, आणि मधल्या सहा दिवसांत आपलं कुठे चुकलं हे शोधायचं असतं. दोन्हींतला फरक या सहा दिवसांचा आहे.

याची साक्ष हवी असेल तर लांब जायला नको. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दर मोसमात पेठांतल्या तालमींचे संघ साखळी खेळतात. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल ही नावं तिथल्या घराघरांत माहीत असतात. कोल्हापूरला कधी विश्वचषक आला नाही. तरी तिथे फुटबॉल पिढ्यान् पिढ्या टिकला, कारण पेठेतल्या पोराला ठाऊक असतं की मोसम आला की सामने होणार, पुढच्या वर्षीही होणार आणि आपला संघ त्यात असणार. हा भरवसा मुलांना मिळाला. मुलींना त्याच शहरात तितका मिळाला नाही. वास्तविक या भागातून मुली पुढे येतातच. गडहिंग्लज तालुक्यातून आलेल्या अंजू तुरंबेकर देशपातळीवर प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आल्या. पण एखादी अंजू स्वतःच्या जिद्दीवर वाट काढते तेव्हा तिचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि त्याच वेळी ती वाट इतकी अरुंद का हे विचारलंच पाहिजे.

आता राष्ट्रीय पातळीवर या. २०२४-२५च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आठ संघ होते. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर मिळून प्रत्येक संघाच्या वाट्याला चौदा सामने. त्याच मोसमात जपानच्या आणि इंग्लंडच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये बारा-बारा संघ होते, म्हणजे प्रत्येकी बावीस सामने, वर चषकांचे सामने वेगळे. आपल्या लीगमधले आठ संघ बंगाल, केरळ, ओडिशा, कर्नाटक, तामिळनाडू आणि दिल्लीकडचे होते. महाराष्ट्राचा एकही नव्हता, गोव्याचाही नव्हता. आशियाई चषकाची तिन्ही मैदानं महाराष्ट्रातली होती. कनिष्ठ विश्वचषकाचे सामने नवी मुंबईबरोबर मडगावच्या फातोर्ड्यातही झाले. मैदानं आपली, दिवे आपले, पाहुणचार आपला. लीगमध्ये मात्र आपला संघ नव्हता. ही उणीव माझ्या लेखी २३ जानेवारीच्या संध्याकाळपेक्षा मोठी आहे. ती संध्याकाळ साथीच्या रोगाने आणली, ही उणीव आपण चालू ठेवली.

ऑक्टोबरमधले तीन सामने

सतरा वर्षांखालील विश्वचषकाची कथा आणखी जिव्हारी लागते. तो मुळात २०२०मध्ये भारतात व्हायचा होता. करोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि यजमानपद २०२२च्या स्पर्धेसाठी कायम राहिलं. वय मात्र कुणासाठी थांबत नाही. २०२०साठी तयार केलेल्या मुली मर्यादा ओलांडून गेल्या आणि नव्या मुलींसह पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मग ऑगस्ट २०२२मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं. अकरा दिवसांनी निलंबन उठलं, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचून न खेळता परतल्या होत्या. विश्वचषक वाचला. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर यजमान मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही.

या संघाची कर्णधार अस्तम ओराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. ती कर्णधार झाल्यावर प्रशासनाने तिच्या घरापर्यंत पक्का रस्ता बांधायला घेतला आणि त्या कामावर तिचेच आईवडील रोजंदारीवर राबत होते, ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. रस्ता झाला हे चांगलंच झालं. त्यावरून पावसाळ्यात आजारी माणूस दवाखान्यात नेता येईल, पोरं शाळेत जातील. स्पर्धा भरवल्याने काय साधतं याचं हे उदाहरण मी मनापासून मान्य करते. पण तो रस्ता एका मुलीच्या घरापर्यंत जातो. तिच्यामागून येणाऱ्या मुलींना दर शनिवारी सामना मिळण्यासाठी लागणारी व्यवस्था डांबराच्या रस्त्यासारखी एका स्पर्धेच्या निमित्ताने बांधून होत नाही. ती दरवर्षी नव्याने चालवावी लागते, आणि तिच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

हे आक्षेप रास्त आहेत

पहिला आक्षेप असा येईल की मोठी स्पर्धा जवळ आली नाही तर मुलींना दिसणार काय, आणि दिसल्याशिवाय त्या खेळणार कशाला? यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या सॅम करला आपल्या शहरात खेळताना पाहणं आणि फोनवर पाहणं यांत फरक असतोच. २१ जानेवारी २०२२ला अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८-० असा विजय मिळवला, त्यात करचे पाच गोल होते. पण त्या स्पर्धेत निर्बंधांमुळे गॅलऱ्या जवळपास ओस होत्या, त्यामुळे पाहण्यातून मिळायचा तो लाभही पुरता पदरी पडला नाही. समजा गॅलऱ्या भरल्या असत्या आणि अंधेरीतली एखादी मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली असती की मला हे खेळायचंय, तर आईचा पुढचा प्रश्न ‘कुठे?’ हाच असता. त्या प्रश्नाला शहराकडे उत्तर तयार हवं. उत्तर नसेल तर हौस महिनाभरात विझते, आणि मग मुलींना आवड नाही असा निष्कर्ष काढणारे तयार असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रेक्षक नाहीत, म्हणून जाहिरात नाही, म्हणून लीग लांबवता येत नाही. हे गणित नैसर्गिक वाटतं, पण महिला फुटबॉलच्या इतिहासाकडे पाहिलं की ते माणसांनीच मांडलेलं दिसतं. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१मध्ये, इंग्लंडच्या महासंघाने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली. ती सुमारे पन्नास वर्षं टिकली. १९७१ साली मेक्सिकोत फिफाच्या मान्यतेविना झालेल्या महिला स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ॲझटेका स्टेडियमवर एक लाखाच्या वर गर्दी लोटली. फिफाने पहिला अधिकृत महिला विश्वचषक भरवला तो १९९१मध्ये चीनमध्ये, आणि तिथेही सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले. प्रेक्षक होते, त्यांना पाहायला सामने ठेवले नव्हते. आपल्याकडेही हा खेळ काल आलेला नाही. १९७५ साली महिलांसाठी स्वतंत्र महासंघ स्थापन झाला, १९८०च्या जानेवारीत कालिकतमध्ये आशियाई स्पर्धा झाली आणि भारत उपविजेता ठरला. १९८३मध्ये बँकॉकलाही भारत अंतिम फेरीत पोचला. बंगालची शांती मलिक, गोव्याची योलांडा डिसूझा या त्या पिढीतल्या. त्या वेळी आशियात मोजकेच देश खेळत होते हे खरं. बाकीच्यांनी पुढची चाळीस वर्षं लीग उभारण्यात घालवली, हेही तितकंच खरं.

तिसरा आक्षेप फिलिपिन्सचा दाखला देऊन केला जातो. त्यांच्याकडे कुठे मोठी लीग आहे? तरी २०२२च्या आशियाई चषकात चायनीज तैपेईला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून ते पहिल्यांदा विश्वचषकात गेले आणि २०२३मध्ये वेलिंग्टनला सरिना बोल्डनच्या गोलवर यजमान न्यूझीलंडला १-० हरवूनही आले. मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्या संघातल्या बऱ्याच मुली अमेरिकेत जन्मलेल्या, तिथल्या शाळा-कॉलेजांच्या साखळ्यांत वाढलेल्या. म्हणजे लीग होतीच, फक्त ती दुसऱ्या देशाने चालवली होती. भारताला ही वाट बंद आहे, कारण राष्ट्रीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. आपल्याला जवळचा धडा व्हिएतनामचा. करोनाने त्यांच्याही चमूला गाठलं होतं. तरी ते टिकले आणि चायनीज तैपेईला २-१ हरवून पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरले. त्यांच्या मुली घरच्या लीगमधल्या, तिथेच वाढलेल्या.

चियांग माई

५ जुलै २०२५. थायलंडमधल्या चियांग माईला पात्रता गटाचा शेवटचा सामना. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असं हरवलं होतं. थायलंडनेही आपले तिन्ही सामने जिंकले होते. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. थायलंड २०१५ आणि २०१९चे विश्वचषक खेळलेला, क्रमवारीत भारताच्या बराच वर आणि घरच्या मैदानावर. २८व्या मिनिटाला संगीता बासफोरला पेटीच्या बाहेर चेंडू मिळाला. तिने दुरूनच फटका मारला आणि तो थेट जाळ्यात गेला. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत थायलंडने बरोबरी केली.

खरी परीक्षा इथून पुढची. बरोबरीचा गोल खाल्ल्यावर कच्चा संघ दोनपैकी एक चूक करतो. घाबरून सगळ्या जणी मागे सरकतात, नाहीतर चिडून सगळ्या पुढे धावतात आणि मागे मैदान मोकळं पडतं. भारतीय मुलींनी दोन्ही टाळलं. मधल्या फळीने बचावफळीपासूनचं अंतर सुटू दिलं नाही, चेंडू आला की घाईने उडवून न देता बाजूला फिरवला, आणि थायलंडच्या जोराच्या लाटा एकेक करून ओसरू दिल्या. ७४व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. शिल्कीदेवीने मारलेला चेंडू निर्मलादेवीने डोक्याने गोलसमोर वळवला आणि तिथे संगीता होती. तिनेही डोक्यानेच तो आत घातला. २-१. तोच निकाल शेवटपर्यंत टिकला.

यावर माझ्या मुद्द्याविरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप येतो. हा विजयही शिबिराचाच होता की! प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांनी त्याआधी बंगळुरूत संघाला पन्नासहून जास्त दिवस एकत्र ठेवलं होतं. ते मान्य. शिबिर नको असं म्हणणं शहाणपणाचं नाही. तो कॉर्नर नक्कीच शिबिरात घोटलेला असणार. पण क्रम पाहा. २०२५च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लीग झाली आणि तिच्यातून निघालेल्या मुलींचं शिबिर भरलं. संगीता त्या मोसमात विजेत्या ईस्ट बंगालकडून खेळली. शिवाय बंगालमधल्या कल्याणीची ही मुलगी सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. महिन्याच्या पगाराचा हा आधार नसता तर चौदा सामन्यांच्या लीगवर किती मुली पंचविशीनंतर मैदानावर राहिल्या असत्या, याचाही विचार व्हायला हवा. २०२२मध्ये शिबिराला धार लावायला पातंच नव्हतं. २०२५मध्ये पातं होतं, आखूड असेल, पण होतं. महिनाभराने, ऑगस्टमध्ये, वीस वर्षांखालच्या मुलींनीही म्यानमारला त्यांच्याच देशात १-० हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, ती जवळपास वीस वर्षांनी.

मार्च २०२६मध्ये ऑस्ट्रेलियात ठरलेल्या आशियाई चषकात भारताचा गट सोपा नव्हता. जपान एकदा जगज्जेता ठरलेला, व्हिएतनाम विश्वचषक खेळून आलेला. उपांत्य फेरी गाठली तर २०२७च्या ब्राझील विश्वचषकात थेट प्रवेश होता, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्यांनाही आणखी एक संधी होती. मोठे पराभव होऊ शकत होते. असे पराभव झाले की भुवनेश्वरच्या सोळा गोलांनंतर उमटले तसे हताश सूर पुन्हा उमटतात. त्या वेळी लीगचे सामने चौदावरून बावीस कधी होणार आणि तिच्यात महाराष्ट्राचा संघ कधी उतरणार, एवढं विचारणारे लोक आपल्यात असावेत असं फार वाटतं. गटातला तिसरा प्रतिस्पर्धी चायनीज तैपेई होता. नेरूळला त्या रविवारी राहून गेलेला सामना आता ऑस्ट्रेलियात व्हायचा होता.